काळजी करणं, काळजी घेणं

मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो आणि दोन निराळ्या गोष्टी सांगतो. काळजी करणं मनातल्या मनात चालतं, काळजी घ्यायला हातपाय हलवावे लागतात. स्टेशनवर सोडायला आलेला माणूस एका दमात 'काळजी घे' आणि 'काळजी करू नकोस' असं दोन्ही म्हणतो, आणि आपल्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. घरात मात्र या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडलेला असतो. जो काळजी करताना दिसत नाही त्याला काळजीच नाही, असं आपण सहज म्हणून जातो. 'त्याला कशाची काळजी म्हणून नाही' हे वाक्य आमच्याकडे तरी कौतुकाचं नसतं.

गेली पावणेदोन वर्षं मी रोज रात्री जेवणानंतर एसिटॅलोप्राम नावाची दहा मिलिग्रॅमची गोळी घेतो. माझं काळजी करणं कमी करणं हे तिचं काम, आणि ते ती करते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या गोळीने माझं काळजी घेणंही कमी होतंय का? आणि होत असेल, तर ती घेत राहणं योग्य आहे का? हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारून पाहिला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" त्यांच्या व्यवसायातलं हे ठरलेलं उत्तर असेलही, पण इथे दुसरं उत्तर त्या देऊ शकल्या असत्या असं मला वाटत नाही.

माझं घर खालापूर तालुक्यात, चौकच्या जवळच्या एका गावात आहे. मागे डोंगर, पुढे भातखाचरं. इंजिनिअरिंग झाल्यावर ऐरोलीत नोकरी लागली. आठवड्यातले तीन दिवस बाइकने कर्जत, तिथून लोकलने ठाणे, मग गाडी बदलून ऐरोली. उरलेले दिवस घरून काम. भीती मात्र नोकरीच्या कितीतरी आधीपासूनची आहे. दहावीत असताना रात्री तीनदा उठून गॅसचं बटण बघायचो. कॉलेजात व्हायव्हाच्या आदल्या रात्री उलट्या व्हायच्या. घरात याला 'हळवा आहे' म्हणत, मित्र 'टेन्शन घेतो' म्हणत. पुढे बदलापूर आणि अंबरनाथच्या मध्ये गाडी उभी राहिली की छातीत धडधड सुरू व्हायला लागली. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी फरक शून्य. शेवटी कल्याणच्या एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. फेब्रुवारी 2024मध्ये पाच मिलिग्रॅमवर सुरुवात झाली. पहिला आठवडा मळमळ होती आणि धडधड उलट थोडी वाढली. तसं होऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. चौथ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं की गाडी वांगणीला पंधरा मिनिटं उभी होती आणि मी मोबाइलवर क्रिकेट बघत होतो.

गोळी मी कर्जतच्या दुकानातूनच घेतो. कल्याणला, जिथे कोणी ओळखत नाही तिथे घेता आली असती. पण ओळखीच्या काउंटरवर चिठ्ठी ठेवायची असं मी ठरवलं होतं. दुकानदार काकांनी पहिल्यांदा चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि स्ट्रिप न मागता खाकी पाकिटात घातली. मधुमेहाची गोळी ते कधी पाकिटात घालत नाहीत. त्या पाकिटाबद्दल एक वेगळा लेख होईल, तो इथे नको.

गोळी घेणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात तो असा, की मग हा खरा तू आहेस का? माझ्या एका मित्राने अगदी प्रेमाने विचारलं होतं, "बरा दिसतोस रे, पण हे तुझं आहे की गोळीचं?" मला हा प्रश्न वाटतो तितका खोल वाटत नाही. त्याचं उत्तर आमच्या तालुक्यातून वाहतं.

पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या एरवी फेब्रुवारी-मार्चपर्यंत दगडगोट्यांवर येतात, डबकी तेवढी उरतात. पाताळगंगेला मे महिन्यातही पाणी असतं, कारण खोपोलीत टाटांचं वीजघर आहे. ते 1915मध्ये सुरू झालं. वर घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांत अडवलेलं पाणी मोठाल्या नळांमधून डोंगर उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि खाली नदीत सोडलं जातं. हे पाणी मुळात इकडचं नव्हेच. आपल्या वाटेने गेलं असतं तर ते इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. माणसांनी त्याची दिशा बदलली आणि ते धरमतरच्या खाडीकडे निघालं. त्याच्यावर काठची गावं जगली, रसायनीचे कारखाने उभे राहिले. शंभराहून जास्त वर्षं वाहणाऱ्या या नदीला उद्या कोणी विचारलं की खरी पाताळगंगा कोणती, जूनमधली की मेमधली, तर काठावरच्या बाईला तो प्रश्न कळणारसुद्धा नाही. ती हंडा भरून निघून जाईल.

त्यामुळे 'खरा मी कोणता' यावर मी फार झोप घालवलेली नाही. रात्री तीनदा गॅस बघणारा मुलगा जास्त खरा आणि रात्रभर झोपणारा कमी खरा, असं का मानायचं? चष्मा लावल्यावर दिसणारं जग खोटं, असं कोणी म्हणत नाही. गोळी नेमकी कशामुळे काम करते, यावर शास्त्रज्ञांमध्येही वाद आहेत. मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं, ही वर्षानुवर्षं सांगितली गेलेली सोपी गोष्ट पुराव्यांवर टिकत नाही, असं 2022मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या संशोधनांचा आढावा घेऊन मांडलं आणि बराच गदारोळ झाला. तो आढावा नैराश्याबद्दल होता, पण माझ्यासारख्यांनीही तो धसका घेऊन वाचला. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. मूळ कारण न कळता केलेली दुरुस्ती चालू शकते हे मला रोज दिसतं, आणि अशा दुरुस्तीवर डोळे मिटून विसंबू नये हेही.

पण पाताळगंगेच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला टोचते. ते पाणी दुसऱ्या कुणाच्या वाटणीचं होतं. भीमेच्या खोऱ्यातली माणसं अधूनमधून ते मागतही असतात. मग मला मिळालेली शांतता कुणाच्या वाटणीची?

19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नाही, चढून जायलाच तास-दीड तास. बचावाचं यंत्रही वर नेता येत नव्हतं, माणसांनी फावड्या-कुदळींनी चिखल उपसला. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. ती तिथेच, मातीखाली राहिली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे नंतर विधिमंडळात सांगितलं गेलं. त्याआधी 2014च्या जुलैत माळीण, 2021च्या जुलैत महाडजवळचं तळीये. आमच्याकडे जुलै हा महिना आता वेगळ्या आवाजात उच्चारला जातो.

आमचं गाव इर्शाळगडाखाली नाही, पण डोंगराखाली आहे. त्या वर्षापासून जोराचा पाऊस लागला की गाव झोपत नाही. कोणी ठरवलेलं नाही. घराघरात एक दिवा चालू असतो आणि कोणीतरी मागच्या दाराशी बसून पत्र्यावरच्या पावसातून डोंगराचा आवाज वेगळा काढायचा प्रयत्न करत असतं. आमच्या घरात ती आई. 2023च्या उरलेल्या पावसाळ्यात तिच्याबरोबर मी बसायचो. आम्ही बोलायचो नाही फारसं. ती चहा करायची. त्या रात्रींमध्ये, विचित्र वाटेल, पण मला बरं वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीला कारण होतं आणि सगळं गाव माझ्याइतकंच घाबरलेलं होतं. यादीने जे सांगितलं नव्हतं ते भीती सांगत होती. तिला आजार म्हणायची कुणाची हिंमत होती?

2024च्या जुलैत मी गोळीवर होतो. तसाच पाऊस लागला. अकरा वाजता मी मागच्या दाराशी गेलो, आईशेजारी बसलो, डोळे मिटायला लागले, आणि जाऊन झोपलो. सकाळी सहाला उठलो तर ती तिथेच बसलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "निजलास ते बरं झालं. घरात एक माणूस तरी निजला."

ती हे रागाने म्हणाली नाही. तिच्या बोलण्यात टोमणा असतो तेव्हा मला कळतं, आणि हा नव्हता. पण त्या वाक्यावर मी वर्षभर अडकलेलो आहे. गोळीला माझ्या दोन भीत्यांमधला फरक कळत नाही. वांगणीला थांबलेल्या गाडीची निराधार भीती आणि ओल्या डोंगराची साधार भीती, दोन्हींचा आवाज तिने सारखाच खाली आणला. भीती किती वाटावी एवढंच ती ठरवते; कशाची वाटावी हे ठरवणं तिच्या हातात नाही. ते काम माझ्याकडे उरतं. आधी भीतीच मला उठवायची, आता मला स्वतःला उठावं लागतं. हे आधीपेक्षा सोपं आहे असं समजू नका.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. मला लहानपणी तिनेच सांभाळलं. स्मशानातून येईपर्यंत आणि नंतर दहाव्यापर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. दुःख होतं, ते कुठे आहे हेही माहीत होतं, पण काचेपलीकडे ठेवल्यासारखं. या औषधांनी काही जणांच्या भावना अशा बोथट होतात. कामेच्छाही कमी होऊ शकते. पण तिच्याबद्दल मराठीत डॉक्टरांशी बोलायला मला शब्द सापडत नव्हते, म्हणून ते वाक्य इंग्रजीत बोललो. चुलतभावाने दहाव्याला पाठीवर हात ठेवून विचारलं, "तू ठीक आहेस ना?" त्याच्या विचारण्यात काळजी होती आणि थोडी शंकाही. न रडणाऱ्या माणसाचं प्रेम सिद्ध कशाने होतं? आत्याच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिला पनवेलला डायलिसिसला नेणं-आणणं मी केलं होतं. आठवड्यातून दोनदा, पहाटे, रिक्षाने. गोळीच्या आधीचा मी ते करू शकलो असतो का? हॉस्पिटलच्या वासानेच माझे हात गार पडायचे. हे मी चुलतभावाला सांगितलं नाही. दहावा ही हिशेब मांडायची जागा नव्हे. पण माझ्यापुरता हिशेब आहे: काळजी घेता आली, काळजी करता आली नाही. दोन्ही एकदम मिळालं असतं तर मी घेतलं असतं. निवड करायला लागली तर आत्याला माझे अश्रू हवे होते की रिक्षा, याचं उत्तर मला माहीत आहे. तरी ते अश्रू मला हवे होते, तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हा तोटा आहे आणि तो मी फायद्यात लपवणार नाही.

काळजी न करता काळजी घेता येते का, याचं एक फार मोठं उदाहरण आमच्या शेजारच्या तालुक्यातच आहे. कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांचं केंद्र आहे. ते आणि डॉ. स्मिता वाटवानी, दोघं मनोविकारतज्ज्ञ. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणायचं, उपचार करायचे आणि घरी पोचवायचं, हे काम त्यांच्या 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'ने 1988मध्ये मुंबईत सुरू केलं. सुरुवातीचा प्रसंग त्यांनी अनेकदा सांगितला आहे: गटारातलं पाणी नारळाच्या करवंटीतून पिणारा एक तरुण त्यांना दिसला, त्यांनी त्याला दवाखान्यात आणलं, आणि बरा झाल्यावर कळलं की तो आंध्रातला, शिकलेला मुलगा आहे. कर्जतचं केंद्र 2006चं. डॉ. वाटवानींना 2018मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या ट्रेनमधल्या ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज फिरले. फिरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते केंद्र नक्की कुठे आहे हे ठाऊक नव्हतं.

तिथले आजार आणि माझा आजार यांची तुलना मी करत नाही. सिझोफ्रेनियाने घरदार हरवलेल्या माणसापुढे माझी धडधड म्हणजे काहीच नाही. मला लक्षात घ्यावासा वाटतो तो तिथल्या कामाचा क्रम. आधी अन्न, आंघोळ, औषध. मग काही आठवड्यांनी तो माणूस आपलं नाव सांगतो. मग गावाचं नाव. मग कोणीतरी त्याला घेऊन ट्रेनमध्ये बसतं. इथे 'हा खरा तो आहे का' हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याच्या दारातली आईच उत्तर देते. आणि दुसरं: त्याला उचलून आणणाऱ्यांना त्याचं नावही माहीत नसतं. त्याच्या आईने ज्या अर्थाने वर्षानुवर्षं काळजी केली तशी ते करूच शकत नाहीत. आईच्या काळजीने तो घरी आला नाही. ज्यांनी त्याची काळजी केली नव्हती त्यांनी ती घेतली. आई कमी पडली असं मला मुळीच म्हणायचं नाही. तिच्या हातात तेवढंच होतं. पण काळजी करणं हे काळजी घेण्याचं मूळ आहे, त्याच्याशिवाय दुसरं उगवतच नाही, हे आमच्या घरातलं गृहीतक तिथे टिकत नाही.

या वर्षी मेमध्ये मी घरामागे पर्जन्यमापक बसवला. सरळ उभ्या बाजूंचा डबा, आत मोजपट्टी, उघड्यावर, झाडापासून लांब. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचायचा आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत 115.6 मिलिमीटरच्या पुढे अतिजोरदार आणि 204.5च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस. जमीन सलग तीन-चार दिवस भिजलेली असेल तर कमी पावसानेही उतार सुटू शकतो, म्हणून मागच्या दिवसांची बेरीजही टाकतो. ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठरलं की बेरीज एका आकड्याच्या वर गेली की उतारालगतच्या नऊ घरांनी शाळेत झोपायला जायचं. उताराची पाहणी व्हावी म्हणून तहसीलला अर्जही दिला. त्याची पोच आहे, उत्तर नाही. या जुलैत ती नऊ घरं दोनदा शाळेत झोपली. दोन्ही वेळा काही झालं नाही, आणि तिसऱ्यांदा ती जातील का, याची मला खात्री नाही. एक आजोबा म्हणालेच, "तुझ्या डब्यापायी पाठ धरली माझी."

गावाचं मी भलं केलं, असं यातून मला सुचवायचं नाही. मुद्दा एवढाच की 2023च्या त्या जागरणांमध्ये, चहा पीत, डोंगर ऐकत असताना यातलं काहीही मला सुचलं नव्हतं. भीती पूर्ण जागी होती आणि आमच्या हातून होणारं काम एकच होतं: बसून राहणं. आई अजूनही बसते. माझ्या आकड्यावर तिचा विश्वास आहे, पण तो तिला झोपवत नाही. आणि तिचं बसणं निरर्थक आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. डब्याला मिलिमीटर कळतात; आवाज बदललाच तर तो तिलाच कळणार.

इथवर गोळीच्या बाजूने बोललो. एका ठिकाणी मात्र माझं मत अजून तिच्या विरुद्ध आहे. माझ्या कामात महिन्यातून एक आठवडा ऑनकॉल असतो. रात्री दोनला फोन वाजला की पंधरा मिनिटांत लॅपटॉपपुढे. आधी या आठवड्यात मी मोडून पडायचो. आता पडत नाही. मॅनेजरने 'तू खूप मॅच्युअर झालास' असं लिहून दिलं. पण रात्री दोनला माणसाला उठवणं ठीक होतं का, हा प्रश्न माझ्या मोडण्यानेच टीममध्ये निघाला होता. मी मोडायचा थांबलो आणि प्रश्नही थांबला. 1963मध्ये व्हॅलियम बाजारात आलं आणि पुढची दोन दशकं अमेरिकेत घरात कोंडलेल्या बायकांना ते मुक्तहस्ताने लिहून दिलं गेलं. घर होतं तसंच राहिलं, बाई शांत झाली. माझी गोळी त्या जातीची नाही, तिची नशा येत नाही. पण सोसायला लावणाऱ्याच्या सोयीची ती तितकीच होऊ शकते. भीती जेव्हा शरीरातली असते तेव्हा औषध माझ्यासाठी असतं. भीती जेव्हा वेळापत्रकातली असते तेव्हा माझ्या तोंडातली गोळी दुसऱ्या कुणाची तरी सोय करत असते. दोन्ही भीत्या एकाच छातीत असल्यामुळे डॉक्टरांनाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. मी टीममध्ये दर तिमाहीला तो प्रश्न पुन्हा काढतो, आता शांत आवाजात. शांत आवाजाला उत्तर मिळायला जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर मात्रा कमी करून बघू. एकदम बंद करायची नाही, चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. आधी साडेसात, मग पाच, महिन्या-महिन्याने. कमी होताना काय परत येईल हे त्यांना सांगता येत नाही. गॅसचं बटण येईल, की आत्याचं रडू येईल, की दोन्ही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, पावसाळा अजून पुरता सरला नाही, तोवर काही हलवू नकोस. गोळी घेतलीस का, हे ती आता रोज रात्री विचारते.